न्यायालयातील नोंदी : शोध, पाहणी आणि नक्कल

न्यायालयात जे घडते ते कागदावर राहते. पक्षकार निघून जातात, वकील बदलतात, न्यायाधीशांची बदली होते, साक्षीदार कालवश होतात. परंतु दाव्याच्या दिवशी काय मागितले गेले, कोणी काय सांगितले आणि न्यायाधीशांनी अखेर काय ठरविले, हे त्या दाव्याच्या फायलीत शिल्लक राहते. न्यायनिर्णय जिंकणे आणि त्या निर्णयाचा लाभ पदरात पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या दोहोंमधील अंतर पुष्कळदा एका कागदाने तोडले जाते. तो कागद म्हणजे न्यायालयाच्या शिक्क्याची प्रमाणित प्रत, म्हणजेच सर्वसामान्यांच्या भाषेत ‘नक्कल’.

समजा, एका शेतकऱ्याच्या आजोबांनी वाटणीचा दावा जिंकला होता. हुकूमनामा झाला, मात्र त्याची नोंद गावच्या दप्तरात कोणी करून घेतली नाही. चाळीस वर्षांनंतर जमिनीवर दुसऱ्याच कोणाचे नाव दिसू लागते. घरात एक जीर्ण नोटीस सापडते. तिच्यावर दाव्याचा क्रमांक अर्धवट वाचता येतो. अशा माणसाने कोठे जावे, काय मागावे आणि कोणत्या शब्दांत मागावे? आपल्या देशात हा प्रश्न दररोज सहस्रावधी लोकांपुढे उभा राहतो. त्याचे उत्तर अवघड नाही. तथापि ते एका ठिकाणी लिहिलेले क्वचितच आढळते.

नोंदीचा अधिकार कोठून येतो

न्यायदान उघड्या दाराने व्हावे हे आपल्या न्यायव्यवस्थेचे मूलभूत तत्त्व आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम १५३-ब नुसार दिवाणी दावा ज्या ठिकाणी चालतो ते ठिकाण खुले न्यायालय मानले जाते. फौजदारी खटल्यांविषयीही कायद्यात असाच नियम आहे. मुंबई उच्च न्यायालयातील एका बदनामीच्या दाव्यात एका साक्षीदाराच्या जबानीला प्रसिद्धी देऊ नये असा आदेश झाला, तेव्हा वार्ताहरांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. नरेश श्रीधर मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणाचा निर्णय नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९६६ मध्ये दिला. खुली सुनावणी हा नियम होय, परंतु न्यायाच्या हितासाठी आवश्यक तेव्हा ती मर्यादित करण्याचा न्यायालयाला अंगभूत अधिकार आहे, असे त्यात बहुमताने सांगण्यात आले. नोंदींच्या बाबतीतही हाच दुहेरी विचार लागू पडतो : सामान्यतः मुभा, आणि कारण असेल तेथे मर्यादा.

प्रमाणित प्रतीचा कायदेशीर आधार पुराव्याच्या कायद्यात आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने न्यायिक अधिकाऱ्यांच्या कृतींच्या अभिलेखांना सार्वजनिक दस्तऐवजांत स्थान दिले होते. ज्या सार्वजनिक दस्तऐवजाची पाहणी करण्याचा एखाद्यास हक्क आहे, त्याची प्रत कायदेशीर फी घेऊन त्यास दिली पाहिजे, असे त्या अधिनियमाचे कलम ७६ सांगत असे. दिनांक १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ याने घेतली असून हीच तरतूद आता कलम ७५ मध्ये आहे. प्रतीच्या तळाशी ‘खरी प्रत’ असल्याचा दाखला, दिनांक, अधिकाऱ्याची सही, त्याचे नाव व पदनाम आणि न्यायालयाचा शिक्का, एवढे घटक असले की ती प्रत मूळ कागदाच्या जागी पुरावा म्हणून सादर करता येते. झेरॉक्स प्रत कितीही स्वच्छ असली तरी तिला ही योग्यता येत नाही.

नकलेचा तपशीलवार विधी मात्र संपूर्ण देशात एकसारखा नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ नुसार आपापल्या क्षेत्रातील न्यायालयांवर देखरेख ठेवण्याचा, त्यांच्या कामकाजाचे नियम करण्याचा आणि वह्या व नोंदी कशा ठेवाव्यात हे ठरविण्याचा अधिकार उच्च न्यायालयांना आहे. त्यामुळे महाराष्ट्र व गोव्यातील जिल्हा न्यायालये मुंबई उच्च न्यायालयाच्या दिवाणी व फौजदारी नियमपुस्तिकांप्रमाणे चालतात, तर उत्तर प्रदेश, पंजाब, तामिळनाडू येथे तेथील उच्च न्यायालयांचे नियम लागू होतात. फीचे दर, अर्जाचा नमुना आणि दप्तराच्या वेळा यांत फरक आढळतो. पण अर्ज, फी, तयारी आणि वितरण हा क्रम मात्र सर्वत्र एकच आहे.

दाव्याची ओळख

नोंद शोधणाऱ्याने प्रथम हे समजून घेतले पाहिजे की न्यायालय माणसाला नावाने नव्हे, तर क्रमांकाने ओळखते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४, नियम २ प्रमाणे दाखल झालेला प्रत्येक दावा दिवाणी दाव्यांच्या नोंदवहीत लिहावा लागतो आणि दर वर्षी नव्याने अनुक्रमांक द्यावा लागतो. म्हणजे ‘दावा क्रमांक ११२’ एवढे सांगणे निरर्थक होय. असा दावा प्रत्येक वर्षी आणि प्रत्येक न्यायालयात असू शकतो. पूर्ण ओळखीसाठी न्यायालयाचे नाव, प्रकरणाचा प्रकार, क्रमांक आणि वर्ष अशा चार गोष्टी हव्यात.

यांपैकी प्रकाराकडे लोकांचे विशेष दुर्लक्ष होते. महाराष्ट्रात नियमित दिवाणी दावा व विशेष दिवाणी दावा हे वेगळे. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची दरखास्त वेगळी. नियमित दिवाणी अपील वेगळे. फौजदारी बाजूस संक्षिप्त खटला, नियमित खटला आणि सत्र खटला यांच्या वह्या निराळ्या असतात. उत्तरेत ज्याला ‘मूलवाद’ म्हणतात, त्यालाच दक्षिणेत ‘ओ. एस.’ म्हणजे मूळ दावा म्हणतात. एकाच भांडणातून दावा, त्यातील अंतरिम अर्ज, अपील आणि दरखास्त अशी चार प्रकरणे जन्मास येतात आणि चौघांचे क्रमांक भिन्न असतात. अपिलाचा क्रमांक घेऊन मूळ दाव्याची फाईल मागणारा अर्जदार रिकाम्या हाताने परततो, याचे कारण बहुधा हेच असते.

क्रमांक ठाऊक नसेल तर तो शोधण्याच्या वाटा आहेत. जुनी नोटीस, समन्स, वकीलपत्राची प्रत, कोर्ट फीची पावती यांवर तो सापडतो. जमिनीचा वाद असेल तर महसुली दप्तर हा उत्तम साक्षीदार ठरतो. महाराष्ट्रात गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, हिच्यात न्यायालयाच्या हुकमावरून झालेल्या नोंदीपुढे दाव्याचा क्रमांक व निकालाचा दिनांक लिहिलेला आढळतो. हिंदी प्रदेशांत ‘दाखिल-खारिज’ आणि पंजाबात ‘इंतकाल’ या नावाने अशीच नोंद होते. हेही हाती नसल्यास वादी-प्रतिवादींची नावे व अंदाजे वर्षे देऊन न्यायालयातील नोंदवहीचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो. अशा वेळी वर्षांचा टप्पा जितका लहान सांगावा तितके काम सुकर होते.

न्यायालय निश्चित करतानाही सावधगिरी हवी. जिल्ह्यांच्या सीमा बदलत आल्या आहेत. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीतून, तर गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून निर्माण झाला. त्यापूर्वीच्या प्रकरणाचा माग घेताना जुन्या जिल्ह्याच्या मुख्यालयीही चौकशी करावी. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. तेलंगण २०१४ मध्ये वेगळे झाले. राज्य बदलले तरी जुना कागद नाहीसा होत नाही. तो कोणत्या इमारतीत ठेवला आहे, एवढेच शोधावे लागते.

संगणकीय नोंदी

एके काळी पुढील तारीख कळण्यासाठीसुद्धा तालुक्याचे गाव गाठावे लागे. भारतीय न्यायसंस्थेच्या संगणकीकरणाचे राष्ट्रीय धोरण २००५ मध्ये तयार झाले आणि २००७ पासून ‘ई-कोर्ट’ प्रकल्पाचा पहिला टप्पा सुरू झाला. दुसरा टप्पा २०१५ मध्ये आरंभला. तिसऱ्या टप्प्यास सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता मिळाली. जुन्या अभिलेखांचे अंकीकरण हा या टप्प्याचा एक प्रमुख भाग आहे.

या व्यवस्थेत प्रत्येक प्रकरणाला सोळा स्थानांचा एक राष्ट्रीय क्रमांक मिळतो. त्याला ‘सी. एन. आर.’ क्रमांक म्हणतात. पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढील दोन जिल्ह्याची, मग दोन अंक न्यायालयाच्या आस्थापनेचे, त्यानंतर सहा अंकी अनुक्रमांक आणि शेवटी चार अंकी वर्ष अशी त्याची रचना असते. ज्याच्याजवळ हा क्रमांक आहे त्याला न्यायालयाचे नाव वा प्रकरणाचा प्रकार सांगण्याची गरज उरत नाही. क्रमांक नसल्यास पक्षकाराचे नाव, वकिलाचे नाव, दाखल क्रमांक किंवा पोलीस ठाण्यातील प्रथम खबरीचा क्रमांक यांवरूनही शोध घेता येतो. नावाने शोधताना रोमन लिपीतील वर्णलेखनाचे निरनिराळे प्रकार वापरून पाहावेत. ‘चौधरी’ हे एकच नाव लिपिकांनी चार तऱ्हांनी लिहिलेले असू शकते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पहिली, संगणकावर दिसणारा आदेश हा माहितीसाठी असतो. नियमांनुसार दिलेल्या प्रमाणित प्रतीची जागा तो घेत नाही. दुसरी, संगणकीकरणापूर्वी निकाली निघालेली असंख्य प्रकरणे या यादीत आढळत नाहीत. यादीत नाव नाही म्हणून दावाच झाला नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्या प्रकरणांसाठी आजही अभिलेख कक्षाचीच पायरी चढावी लागते.

फायलीत काय असते

दाव्याची फाईल म्हणजे एकच कागद नव्हे. तिच्यात वादपत्र, प्रतिवादीची कैफियत, काढलेले मुद्दे, साक्षीदारांच्या जबान्या, निशाणी घातलेले दस्तऐवज, अंतरिम अर्ज व त्यांवरील आदेश, न्यायनिर्णय आणि हुकूमनामा असे सर्व असते. या सर्वांना जोडणारा धागा म्हणजे रोजनामा. कोणत्या तारखेस कोण हजर होते, काय काम झाले, काम का तहकूब झाले आणि पुढील तारीख कोणती, हे त्यात क्रमाने लिहिलेले असते. अन्य राज्यांत त्याला ‘ऑर्डरशीट’ म्हणतात.

रोजनाम्याचे महत्त्व सामान्य पक्षकारास सहसा उशिरा उमगते. आपणास नोटीस न मिळताच एकतर्फी निकाल झाला अशी ज्याची तक्रार आहे, त्याला नोटीस बजावल्याचा शेरा कोणत्या दिवशी व कशाच्या आधारे झाला हे रोजनाम्यातूनच कळते. दावा वर्षानुवर्षे कोणामुळे रेंगाळला, याचेही उत्तर तेथेच मिळते. म्हणून केवळ निकालपत्राची नक्कल मागून न थांबता आवश्यक तेथे रोजनाम्याचीही नक्कल मागणे हिताचे असते.

न्यायनिर्णय आणि हुकूमनामा यांतील भेदही जाणून घ्यावा. न्यायनिर्णयात कारणे असतात. हुकूमनाम्यात कोणी कोणाला काय द्यायचे याचा औपचारिक निष्कर्ष असतो. निकालानंतर पंधरा दिवसांच्या आत हुकूमनामा तयार व्हावा असे दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. अपिलाच्या अर्जाबरोबर न्यायनिर्णयाची प्रत जोडावी लागते. दरखास्तीच्या वेळी हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागितली जाऊ शकते आणि महसुली दप्तरात नोंद करून घेतानाही ती लागते. ज्या कामासाठी नक्कल हवी त्या कामाला कोणता कागद लागतो हे आधी ठरविले, तर दुसरी खेप वाचते.

कोण मागू शकतो

दाव्यातील पक्षकाराचा हक्क सर्वांत भक्कम आहे. न्यायनिर्णय व हुकूमनामा यांच्या प्रमाणित प्रती अर्ज केल्यावर व खर्च भरल्यावर पक्षकारांना मिळाल्याच पाहिजेत, असे आदेश २०, नियम २० सांगतो. मृत पक्षकाराच्या वारसाने आपले नाते अर्जात नमूद करावे.

फौजदारी खटल्यात कारावासाची शिक्षा झालेल्या आरोपीस न्यायनिर्णयाची प्रत निकालानंतर तत्काळ आणि विनामूल्य दिली पाहिजे. हा नियम १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६३ मध्ये होता. आज तो भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ४०४ मध्ये आहे. निर्णयामुळे ज्याच्यावर परिणाम होतो अशा अन्य व्यक्तीलाही अर्ज करून व आकार भरून निर्णयाची, जबानीची वा अभिलेखाच्या अन्य भागाची प्रत मागता येते. ज्या फिर्यादीच्या घरातील माणूस मारला गेला आहे, त्याला निकालपत्र वाचण्याचा अधिकार नाही असे कोणी सांगितल्यास ते बरोबर नव्हे.

प्रकरणाशी संबंध नसलेल्या तिऱ्हाइताची स्थिती काहीशी वेगळी आहे. बहुतेक नियमावल्यांचा कल असा की निकाल लागल्यानंतर त्याला न्यायनिर्णयासारख्या कागदांच्या प्रती कारण सांगून मिळू शकतात. प्रकरण चालू असताना मात्र न्यायालयाची परवानगी लागते. दुसऱ्याने सादर केलेल्या खासगी दस्तऐवजाची नक्कल तर त्या व्यक्तीच्या संमतीविना वा न्यायालयाच्या आदेशाविना सहसा दिली जात नाही. गुजरात उच्च न्यायालयाच्या नियमांत तिऱ्हाइताने कारण सांगणारे शपथपत्र द्यावे अशी अट आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये ही अट टाळता येईल काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. ४ मार्च २०२० च्या निर्णयात न्यायालयाने असे ठरविले की न्यायिक अभिलेखाच्या प्रती उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागाव्यात. त्यासाठी माहितीच्या अधिकाराचा मार्ग अवलंबू नये. आजही अनेक जण माहिती अधिकाराचा अर्ज धाडून महिनाभर वाट पाहतात आणि नकार पदरी पडल्यावर नक्कल विभागाकडे वळतात. तो महिना अकारण खर्ची पडतो.

काही कागद कोणालाही सहजासहजी मिळत नाहीत, आणि ते योग्यच आहे. लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. बालकांसंबंधीच्या प्रकरणांत त्यांचे नाव व छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ खालील कार्यवाही बंद दाराआड चालते. खुलेपणाचे तत्त्व दुर्बळाच्या रक्षणासाठी आहे; त्याला उघड्यावर आणण्यासाठी नाही.

अर्जाची रीत

जिल्ह्याच्या न्यायालयात नक्कल विभाग स्वतंत्र असतो. तालुक्याच्या न्यायालयात हे काम एखादा लिपिक इतर कामांबरोबर पाहतो. चालू प्रकरणाची फाईल त्या त्या न्यायालयाच्या दप्तरात असते. दिल्ली व हरियाणात ती सांभाळणाऱ्या लिपिकास ‘अहलमद’ म्हणतात. निकाली प्रकरणाची फाईल ठरावीक काळानंतर अभिलेख कक्षात जाते. १८३७ च्या कायद्याने न्यायालयांतून फारसी भाषेस निरोप मिळाला. पण नक्कल, मिसल, पेशकार, शिरस्तेदार, नाझर हे शब्द मागे राहिले आणि आजही न्यायालयाच्या आवारात त्यांच्यावाचून चालत नाही.

अर्जात न्यायालयाचे नाव, प्रकरणाचा प्रकार, क्रमांक व वर्ष, उभय पक्षांची नावे, प्रकरण चालू आहे की निकाली, निकालाचा दिनांक, हव्या असलेल्या कागदांची यादी, अर्जदाराचा प्रकरणाशी संबंध आणि नक्कल साधी हवी की तातडीची, एवढा मजकूर असावा. ‘सर्व कागदपत्रांच्या नकला द्याव्यात’ असे मोघम लिहिल्यास खर्च वाढतो व विलंबही होतो. ‘निशाणी १ : वादपत्र; निशाणी १५ : कैफियत; न्यायनिर्णय; हुकूमनामा’ असे नेमके लिहावे. निशाणी क्रमांक ठाऊक नसतील तर प्रथम पाहणीचा अर्ज करावा. पाहणी लिपिकाच्या समक्ष होते. कागदावर खूण करण्यास वा तो हलविण्यास मनाई असते; टिपणे मात्र घेता येतात. या अर्ध्या तासाच्या पाहणीने पुढील अनेक दिवसांचा गोंधळ टळतो.

अर्जावर नियमाप्रमाणे कोर्ट फी लावावी. पृष्ठसंख्येवरून अंदाजे खर्च सांगितला जातो. तो भरून पावती घ्यावी आणि अर्जाचा आवक क्रमांक लिहून ठेवावा. पुढील चौकशी त्याच क्रमांकावरून होते. खर्च भरण्यास विलंब केल्यास अर्ज निकालात काढला जाऊ शकतो, म्हणून सूचनाफलकावरील यादी पाहत राहावे. अपील वरच्या न्यायालयात गेले असेल तर मूळ फाईलही तिकडे गेलेली असू शकते. अशा वेळी ती फाईल ज्या न्यायालयात असेल तेथे अर्ज करावा लागतो.

ज्याला हा खर्च झेपत नाही त्याच्यासाठी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ आहे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतील नागरिक यांना मोफत विधी सेवेचा हक्क आहे. आदेशांच्या प्रमाणित प्रती मिळवून देणे हाही त्या सेवेचा भाग होय. प्रत्येक जिल्ह्यात तिचे कार्यालय असून तालुका पातळीवर समिती असते.

मुदतीचा हिशेब

नकलेच्या संपूर्ण विषयात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वेळ. मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे दिवाणी हुकूमनाम्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करण्यास तीस दिवस, तर उच्च न्यायालयात करण्यास नव्वद दिवस मिळतात. नक्कल मिळण्यास लागणारा वेळ या मुदतीतून वगळावा, असे त्याच अधिनियमाचे कलम १२ सांगते. पण हे वगळणे कसे होते, याविषयी फार मोठा गैरसमज आहे.

एक उदाहरण घेऊ. २ मार्च रोजी निकाल लागला. निकालाचा दिवस धरावयाचा नसतो. म्हणून तीस दिवस ३ मार्चपासून मोजले की १ एप्रिलला संपतात. पक्षकाराने १० मार्चला नकलेचा अर्ज केला व २८ मार्चला नक्कल तयार झाली. हे दोन्ही दिवस धरून एकोणीस दिवस वगळले जातील आणि अपिलाची मुदत २० एप्रिलपर्यंत जाईल. नक्कल हाती आल्यावर त्याच्याजवळ तेवीस दिवस उरतात.

दुसऱ्या पक्षकाराने ‘अजून वेळ आहे’ असे म्हणून ३० मार्चला अर्ज केला व १८ एप्रिलला नक्कल तयार झाली. त्याचे वीस दिवस वगळले जातील, परंतु सत्तावीस दिवस त्याने अर्जापूर्वीच घालविले आहेत. त्याच्याजवळ केवळ तीन दिवस उरले. तिसऱ्याने ५ एप्रिलला अर्ज केला, तर मुदत आधीच संपलेली असल्याने त्याला वगळण्याचा लाभच मिळणार नाही. नकलेचा अर्ज करण्यापूर्वी हुकूमनामा तयार करण्यात न्यायालयाचा जो वेळ गेला, तोही वगळला जात नाही, असे कलम १२ च्या स्पष्टीकरणात स्वच्छपणे म्हटले आहे. ‘हुकूमनामा तयार झाल्यावर अर्ज करू’ हा विचार म्हणूनच घातक आहे. निकालाच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अर्ज करणे हा एकच सुरक्षित मार्ग होय.

नक्कल तयार झाल्यावर ती नेण्यात पक्षकाराने केलेला विलंबही त्याच्याच खाती जमा होतो. प्रमाणित प्रतीच्या अखेरीस अर्जाचा, नक्कल तयार झाल्याचा आणि ती दिल्याचा दिनांक असा तपशील लिहिलेला असतो. वरच्या न्यायालयात मुदतीचा हिशेब याच तारखांवरून होतो. म्हणून नक्कल घेताना त्या तारखा, शिक्का व सही ही खिडकीपाशीच तपासून पाहावीत. मुदत हुकल्यास पुरेसे कारण दाखवून कलम ५ अन्वये विलंबमाफी मागता येते. पण ती न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असते, हक्काने मिळत नाही.

जुने कागद

हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी सामान्यतः बारा वर्षांची मुदत आहे. त्यानंतरही त्या कागदाचे मोल संपत नाही. मालकीचा इतिहास सिद्ध करण्यास तो उपयोगी पडतो. तथापि न्यायालये सर्वच कागद कायमचे ठेवीत नाहीत. १९१७ च्या अभिलेख नाश अधिनियमाने उच्च न्यायालयांना यासंबंधी नियम करण्याचा अधिकार दिला आहे. त्यानुसार फायलीचे भाग पाडले जातात. न्यायनिर्णय व हुकूमनामा यांसारखे कागद दीर्घकाळ जतन होतात, तर समन्स, तहकुबीचे अर्ज यांसारखे कागद काही वर्षांनी नष्ट केले जातात. पक्षकारांनी दाखल केलेले मूळ दस्तऐवज अपिलाची मुदत संपल्यावर परत घेता येतात. ते वेळेवर परत घेणे शहाणपणाचे होय. अर्जावर ‘अभिलेख नष्ट’ असा शेरा आला तर तो लेखी व दिनांकासह मागून घ्यावा. मूळ कागद उपलब्ध नाही हे दाखविण्यास त्याचाच उपयोग होतो. आगीत वा पुरात फाईल नष्ट झाली असेल तर पक्षकारांजवळील प्रमाणित प्रतींवरून अभिलेखाची पुनर्रचना करता येते. घरातील पेटीत जपलेली नक्कल अशा वेळी सर्वांच्याच कामी येते.

जुन्या फायलींत भाषेचा व लिपीचा प्रश्नही उभा राहतो. महाराष्ट्रातील एकोणिसाव्या शतकातील कागद पुष्कळदा मोडी लिपीत असतात. मराठवाड्यातील निजामकालीन अभिलेखांत उर्दू आढळते, तर गोव्यात १९६१ पूर्वीचे कागद पोर्तुगीज भाषेत आहेत. वडोदरा किंवा तंजावर येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाच्या आजच्या दाव्याचे कागदही गुजराती वा तमिळ भाषेत असू शकतात. नक्कल विभाग कागद आहे त्या भाषेत देतो. भाषांतर करून देणे हे त्याचे काम नव्हे. जाणकाराकडून लिप्यंतर वा भाषांतर करून ते मूळ नकलेसह सादर करावे लागते, आणि त्यासाठीही वेळ राखून ठेवावा लागतो.

आरंभी उल्लेखिलेल्या शेतकऱ्याला आता काय करता येईल? त्याने अर्धवट क्रमांकाची नोटीस घेऊन प्रथम फेरफार नोंदवही पाहावी. तेथून दाव्याचे वर्ष व न्यायालय निश्चित करावे. अभिलेख कक्षात पाहणीचा अर्ज करावा. वारस म्हणून न्यायनिर्णय व हुकूमनामा यांच्या दोन-दोन प्रमाणित प्रती मागाव्यात आणि त्यांतील एक घरी जतन करून दुसरी वकिलास दाखवावी. जमीन परत मिळेल की नाही हे पुढील न्यायालय ठरवील. मात्र आजोबांच्या बाजूने एकदा निकाल झाला होता, हे त्याला यापुढे केवळ ऐकीव गोष्ट म्हणून सांगावे लागणार नाही. तो निकाल न्यायालयाच्या शिक्क्यानिशी त्याच्या हातात असेल.